आराखडा फुकट, रोपे महाग

बागरचनेच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला पुण्या-मुंबईत एक प्रथा आयती मिळते. आराखडा फुकट द्यायचा आणि पैसे रोपांतून काढायचे. नर्सरीतून घाऊक भावाने माल उचलायचा, मालकाला किरकोळ भावाने लावायचा, मातीच्या ब्रासमागे आणि शेणखताच्या गोणीमागे थोडे थोडे ठेवायचे. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, कारण रोपाला पैसे मोजायला माणूस तयार असतो, कागदाला नसतो. पहिल्या दोन-तीन कामांपुरते हे चालूनही जाते. पण पुढे वर्षानुवर्षे ज्या खोडी सुटत नाहीत, त्या याच दोन-तीन कामांत लागतात, आणि म्हणून सुरुवातीपासूनच आराखड्याचे पैसे वेगळे मागावेत असे माझे मत आहे.

कमाई रोपांच्या संख्येवर ठरली की हात आपोआप सैल सुटतो. अरेका पाम हे बेटाने वाढणारे झाड, त्याला चार-पाच फूट मोकळीक हवी. पण भिंतीकडेला ते फुटाफुटावर लावलेले सर्रास दिसते. ताबा देण्याच्या दिवशी हिरवी भिंत उभी राहते, फोटो छान येतो, बिलही भरते. दोन पावसाळे गेले की आतली पाने उजेडावाचून पिवळी पडतात आणि एकाआड एक बेट उपटण्याची मजुरी मालकाच्या माथी येते. हिरवळीचेही तेच. लॉन चौरस फुटावर विकले जाते, म्हणून ते जिथे नको तिथेही अंथरले जाते. कडक उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. म्हणजे हजार चौरस फुटांच्या तुकड्याला साडेचारशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी 135 लिटर धरतात, तेव्हा हे तीन माणसांहून अधिकांचे पाणी झाले, तेही एप्रिल-मेमध्ये, सोसायटीच्या दारात टँकर उभा असताना. हा हिशेब रचनाकाराने मालकापुढे आधीच मांडायला हवा. पण ज्याची मिळकतच लॉनवर अवलंबून आहे तो तो कशाला मांडेल?

आता त्या कागदात असते काय, ते पाहू. चांगला आराखडा म्हणजे रंगीत चित्र अशी समजूत आहे. चित्र हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग. खरी मेहनत त्याआधीच्या पाहणीत जाते. ऊनच घ्या. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून हिवाळ्यात सावलीत गारठलेली उत्तरेकडची बाल्कनी ऐन मेमध्ये तापते आणि तिथे नेचे लावणारा तोंडघशी पडतो. उलट डिसेंबरात भरदुपारीही सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो. दहा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ मीटर पडते. पाहणी मे महिन्यात केली आणि हे गणित केले नाही, तर गुलाबाचा वाफा नेमका त्या सावलीत जातो. मग माती. फूटभर खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहायचे. काळ्या मातीत पाणी तसेच उभे दिसले, तर निचऱ्याची सोय आधी, झाडांची यादी नंतर. गच्ची असेल तर प्रश्न वजनाचा. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, म्हणजे फूटभर थर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जातो. घरगुती गच्चीवर वापराचा भार सर्वसाधारणपणे दीडशे किलो धरलेला असतो. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलेही वर चढवू नये, आणि मातीऐवजी कोकोपीटचे हलके मिश्रण किती वापरायचे हेही त्याच्या आकड्यावर ठरवावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नवख्याला कागदाचे पैसे देतो कोण? फारसे कोणी देत नाही, हे खरेच आहे. म्हणून ‘डिझाइन फी’ हे भारदस्त नाव बाजूला ठेवावे आणि ऊन, माती, निचरा, भार, पाणी यांची दोन पानांची लेखी टिपणी माफक दरात द्यावी. मालकाने पुढे काम दुसऱ्याला दिले तरी ती त्याच्या उपयोगाची असते, त्यामुळे पैसे मागताना संकोच वाटायचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही रोपे मरतातच, ती बदलून द्यावी लागतात, मग नफ्याशिवाय हे परवडणार कसे? परवडणार नाही. तो नफा घ्यावा, पण बिलात ‘पुरवठा व बदली’ अशी वेगळी ओळ करून घ्यावा. आडपडदा नसला की रोपे कमी सुचवताना जीव खालीवर होत नाही. राहिली पदवीची गोष्ट. 1972 च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखीव केली आहे. बागरचनाकाराची पाटी मात्र कोणीही लावू शकतो. माळी लावतो, नर्सरीवाला लावतो. म्हणूनच पदवी नसलेल्याला स्वतःचे वेगळेपण दाखवायला त्या लेखी टिपणीखेरीज फारसे काही नसते.

झाडांची ओळख मात्र कागदावर होत नाही, आणि नर्सरीतही अर्धीच होते. तिथे सगळीच पिशवीत, गुडघ्याएवढी. पुण्याचे एम्प्रेस गार्डन किंवा भायखळ्याची राणीची बाग इथे पूर्ण वाढलेली झाडे पाहावीत, खोडाचा घेर आणि फांद्यांचा पसारा पावलांनी मोजावा. सप्तपर्णी फुलल्यावर रात्री तिच्याखाली उभे राहून तो उग्र वास घ्यावा, म्हणजे शयनगृहाच्या खिडकीशी ती सुचवण्याचा मोह होणार नाही. आणि हातात एकही पूर्ण झालेले काम नसताना पोट भरायचे कसे, तर दुसऱ्याने केलेल्या बागांची देखभाल महिन्याच्या ठरावीक दराने घ्यावी. या कामाला नवे लोक नाके मुरडतात. तिथे कमाई रोपांच्या संख्येवर नसते, आणि तीन-चार वर्षांपूर्वी फुटाफुटावर लावलेला अरेका छाटण्यासाठी माळ्याबरोबर स्वतःलाच वाकावे लागते.