टाचणातला एक रकाना आणि दोन बल्ब

पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना असतो. शिक्षण परिषदेत सहकारी शिक्षकांच्या वह्या चाळताना हल्ली त्यात ‘प्रोजेक्टर, मोबाइल, व्हिडिओ’ एवढंच दिसतं. मी विचारते, व्हिडिओ कोणता, तासाच्या कोणत्या टप्प्यावर, आणि तो लावण्याआधी मुलांना काय विचारणार? पाठात तंत्रज्ञान आणायचं तर या प्रश्नांची उत्तरं आदल्या संध्याकाळीच ठरायला हवीत.

मी विज्ञान शिकवते, म्हणून विजेच्या परिपथाचंच उदाहरण घेते. एका बॅटरीला दोन बल्ब एकसर जोडणीत लावले, तर कोणता जास्त उजळेल? वर्गातून ठाम उत्तर येतं, “बाई, बॅटरीजवळचा! पुढच्याला वीज उरणार कुठून?” ही समजूत देशोदेशीच्या वर्गांत सापडते आणि तिच्यामागे मुलांचा विचार असतो. पाटाचं पाणी वरच्या शेताला भरपूर मिळतं आणि टोकाला पोचेपर्यंत आटतं, हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फळ्यावर नियम लिहून ही समजूत हलत नाही. मूल जिथे अडतं, तिथूनच पाठ आखायला घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

आधी अंदाज घ्यायचा, आणि तो प्रत्येकाकडून. पुढच्या बाकावरच्या चौघांकडून नव्हे. त्यासाठी मी प्लिकर्सची कागदी कार्डं वापरते. प्रत्येक कार्डावर वेगळी नक्षी असते. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मुलानं धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं नोंदली जातात. फोन एकच लागतो, तोही शिक्षकाचा, आणि कुणी काय उत्तर दिलं हे शेजाऱ्याला कळत नाही. लाजरं मूलही मत देतं, हा याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत नोंदवायचं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही रीत रुजवली.

एवढं झाल्यावर पडदा उजळतो. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाच्या संगणकी प्रतिकृती मोफत आहेत, बऱ्याच मराठीतही आहेत, आणि आधी उतरवून ठेवल्या तर नेटशिवाय चालतात. परिपथाच्या प्रतिकृतीत 9 व्होल्टची बॅटरी आणि 10 ओहमचे दोन बल्ब एकसर जोडले, की पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर, कुठेही मोजा, प्रवाह 0.45 अँपिअरच येतो. तारेतले इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगानं सरकताना दिसतात. हे समजण्यासाठी काढलेलं चित्र आहे, खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन फारच संथ सरकतात, हे त्याच वेळी सांगायला हवं.

आता खरे सेल आणि बल्ब हातात द्यायचे. इथे एक मजेशीर अडचण येते. बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एक थोडा अधिक उजळतो आणि मुलं म्हणतात, “बघा बाई!” मग बल्बांची अदलाबदल करायला सांगायचं. उजळ बल्ब जागा बदलूनही उजळच राहतो. म्हणजे फरक जागेमुळे पडलेला नाही, बल्बमुळे पडला आहे. हे मुलांना स्वतः जोडलेल्या तारांनीच पटतं. पडद्यावरचे बल्ब अगदी सारखे असल्यानं तिथे हा प्रश्नच उभा राहिला नसता. म्हणून प्रतिकृती दाखवली की प्रयोग झाला, असं मी कधीच मानत नाही.

पाठात तंत्रज्ञान कसं आणावं, हे शिक्षण-संशोधक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये सूत्ररूपात मांडलं: विषयाचं ज्ञान, तो शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तिन्ही एकमेकांत मिसळावी लागतात. आपल्याकडची प्रशिक्षणं बहुतेक वेळा तिसऱ्यावरच थांबतात. अ‍ॅप उघडायला शिकवतात. ते कोणत्या प्रश्नापाशी उघडायचं, हा विषयच निघत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा त्यांनी पुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. मला त्यात आवडलेली गोष्ट ही, की ध्वनिफीत किंवा व्हिडिओ धड्याच्या पानावरूनच उघडतो. पण तो पाहण्याआधी कोणता प्रश्न विचारायचा, हे वर्गातल्या शिक्षकालाच ठरवावं लागतं.

काही ठिकाणी मी पडदा आग्रहानं बंद ठेवते. मटकीला मोड वर्गात येऊ शकतात, तर त्याचा व्हिडिओ कशाला? त्रिकोणाचे कोन मुलांनी आधी कागद फाडून जुळवावेत. जिओजेब्रामध्ये शिरोबिंदू ओढून कुठल्याही त्रिकोणात बेरीज 180 अंशच येते हे त्यानंतर पाहावं.

माझ्या टाचणात मी एक रकाना वाढवला आहे: ‘वीज गेली तर’. परिपथाच्या पाठात तिथे लिहिलेलं असतं, ‘सेल आणि बल्बांपासून सुरुवात, प्रतिकृती उद्या’. आणि दुसऱ्या दिवसासाठी एक प्रश्न आधीच तयार असतो: एका बल्बच्या जागी खेळण्यातली मोटर लावली, तर मोटरच्या आधी आणि नंतर प्रवाह किती? ‘नंतर कमी’ असं म्हणणारी मुलं उरली, तर त्यांना घेऊन मी पुन्हा अँमीटरपाशी जाते.