डोळा काढल्यावर उरणारं काम

हट्ट्यासारख्या बालाघाटच्या गावातून गोंदिया, नागपूर, वेळ पडली तर मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठून मूल कॅन्सरमधून वाचतं, तेव्हा एक डोळा गेल्याचं दुःख त्या सुटकेपुढे मागे पडतं. ते स्वाभाविकच आहे. पण रिकाम्या खोबणीची बांधणी ही हौस नव्हे, उपचाराचाच भाग आहे. दृष्टिपटलाचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. या वयात खोबणीची हाडं आतल्या गोलाच्या आधाराने वाढतात. पोकळी तशीच राहिली तर ती बाजू खुरटते. रेडिएशन झालं असेल तर आतलं अस्तरही आक्रसतं, आणि मग नकली डोळा टिकत नाही. ओठाच्या आतलं अस्तर लावून जागा पुन्हा करावी लागते.

म्हणून डोळा काढतानाच त्या जागी साधारण १८ ते २२ मिलिमीटरचा गोळा बसवून स्नायू त्यावर जोडतात. सर्जन फिलिप म्यूल्स यांनी १८८०च्या दशकात काचेचा गोळा वापरला होता. आता बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉन असतं. लहान मुलात कधी त्याच्याच त्वचेखालची चरबी बसवतात, कारण ती त्याच्याबरोबर वाढते. सुमारे सहा आठवड्यांनी कृत्रिम डोळ्याचं काम सुरू होतं. दाताच्या कवळीसाठी घेतात तसं खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा साचा पापणीखाली बसवून पाहायचा, दुसऱ्या डोळ्यासमोर धरून बुबुळ हाताने रंगवायचं, पांढऱ्या भागावर लाल धाग्याचे तंतू शिरांसारखे पसरायचे. तयार डोळा स्वस्त पडतो, पण दुसऱ्याच्या मापाचा असल्याने तो आत घासतो.

आक्षेप असा की गोळ्याआड परतलेला कॅन्सर लपेल. पण अ‍ॅक्रिलिक-सिलिकॉनच्या मागचा भाग एमआरआयमध्ये दिसतो, आणि वरचा कृत्रिम डोळा तर तपासणीला काढताच येतो. मात्र पापण्यांसकट सगळी खोबण रिकामी करावी लागली, तर पातळ त्वचेचं अस्तर लावून पोकळी मुद्दाम उघडी ठेवणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं, आणि चष्म्याला जोडलेला सिलिकॉनचा भाग लावता येतो. तिथे हा आक्षेप मान्यच करायला हवा.

तेव्हा आईबापांनो, संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनला विचारा: गोळा याच वेळी बसवणार का, नसेल तर का नाही, आणि मूल वाढेल तसा डोळा कुठे बदलून मिळेल?