घोरपडीची जीभ कशासाठी?

घोरपड चालता चालता थांबते, लांब दुभंगलेली जीभ बाहेर काढते आणि झटक्यात आत ओढते. ती डंख मारणार, असं वाटून अनेकजण दगड उचलतात. खरं तर ती वास घेत असते. जिभेला चिकटलेले वासाचे कण टाळूतल्या दोन बारीक छिद्रांमधून वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत पोचतात. जिभेची दोन टोकं दोन वेगळ्या जागचे कण टिपतात. ज्या बाजूला वास जास्त, त्या बाजूला वळत घोरपड भक्ष्याचा माग काढते. दोन फाट्यांचा हा उपयोग मला फार विलक्षण वाटतो.

पण इतकी निमुळती जीभ घास हाताळायला निरुपयोगी. त्यामुळे घोरपड भक्ष्य जबड्यात पकडते आणि डोक्याला हिसके देत ते घशाकडे सरकवते. वापरात नसताना जीभ तिच्या बुडाशी असलेल्या म्यानासारख्या आवरणात जाते.

बागेतल्या सरड्याचं नेमकं उलट. त्याचा भर डोळ्यांवर, आणि जीभ जाड, मांसल, चिकट. मुंगी दिसली की तो पुढे झुकतो आणि जिभेनेच ती उचलतो. शॅमेलिऑन या सरड्याने हेच तंत्र टोकाला नेलं आहे. त्याच्या जिभेतल्या हाडाभोवती स्नायू आवळतो, हाड आणि स्नायू यांच्यामधल्या कोलॅजेनच्या थरांत ताण साठतो आणि तो सुटताच जीभ शरीराच्या लांबीपेक्षाही दूर झेपावते.

घरातली पाल किडा जबड्यानेच पकडते. तिला हलणाऱ्या पापण्या नसतात, म्हणून डोळे पुसण्याचं काम मात्र जिभेकडे.