एका कान्याचा फरक

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून थोडे चालले की मांजर्ली लागते. पूर्वीचे हे लहानसे गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीतील इमारतींच्या गर्दीत विरून गेले आहे. गिरगाव-परळच्या चाळींतून, कल्याण-डोंबिवलीच्या भाड्याच्या खोल्यांतून निघालेली कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबे आपल्या ऐपतीचे घर शोधत या बाजूला आली आणि स्थिरावली. प्रवासात या ठिकाणी घोडे बदलीत म्हणून ‘बदलापूर’, अशी या नावाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो; आयुष्याचा नवा टप्पा सुरू करण्यासाठी माणसे येथे येतात, एवढे मात्र खरे.

अशा वसाहतीत नव्या बिऱ्हाडाला पहिल्या आठवड्यातच तीन प्रश्न विचारले जातात : मूळचे कुठले, नोकरी कोठे, आणि घरी कोण कोण असते? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकीच असते. पण समजा, या बिऱ्हाडातील माणसाने आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे मुलगी म्हणून काढली, पुढे वैद्यकीय उपचार घेतले आणि आज तो पुरुष म्हणून जगत आहे. ‘मूळचे कुठले?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याने कोठून सुरू करावे? सकाळच्या गाडीला फलाटावर शाळेतील जुनी मैत्रीण समोर आली, तर ओळख द्यावी की मान वळवावी? भिंतीवर आईवडिलांबरोबरचे लहानपणीचे छायाचित्र लावावे की पेटीत ठेवून द्यावे? उपचार कधी तरी पूर्ण होतात, कागदपत्रेही यथावकाश बदलतात. आपण किती उघडपणे जगायचे हा निर्णय मात्र एकदा घेऊन संपत नाही. तो जवळजवळ रोज नव्याने घ्यावा लागतो. लिंगबदलासंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती शस्त्रक्रियेपाशी येऊन थांबते. वस्तुतः खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

रजेचा एक अर्ज

महाराष्ट्राला हा प्रश्न ठळकपणे दिसला तो बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यामुळे. माजलगाव तालुक्यातील राजेगावचे साळवे पोलीस दलात महिला शिपाई म्हणून दाखल झाले तेव्हा त्यांचे नाव ललिता होते. २०१७ साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि त्यानंतर आपल्याला पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहू द्यावे, अशी विनंती केली. वरवर पाहता हा रजेचा अर्ज होता. परंतु भरतीच्या वेळी स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी शारीरिक पात्रतेचे निकष वेगळे असतात, या कारणास्तव तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवाविषयक प्रश्न असल्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागावी, असे न्यायालयाने सांगितले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया पार पडली. साळवे पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला व २०२४ मध्ये ते पिता झाले.

ललिता आणि ललित. लिहिताना एका कान्याचा फरक. तो एक काना गाळण्यासाठी एका शिपायाला आपल्या देहाची गोष्ट वरिष्ठांपुढे, न्यायालयापुढे आणि अखेर वृत्तपत्रांतून साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडावी लागली. साळवे यांनी हे धैर्याने केले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट त्यामुळे सुकर झाली, यात शंका नाही. परंतु त्यांच्यापुढे दुसरा मार्ग होता काय? तो होता तो असा : नोकरी सोडायची, गाव सोडायचे, कोठे तरी मांजर्लीसारख्या ठिकाणी नव्या नावाने खोली घ्यायची आणि मागचे सारे विसरायचे. मागचे सारे म्हणजे सेवेची वर्षे, निवृत्तिवेतन, शाळेचे दाखले, अनुभवाचे प्रमाणपत्र, मित्र, आणि पुष्कळदा आईवडीलसुद्धा. ओळखीच्या जगात राहायचे तर सर्वांच्या नजरा सोसायच्या, आणि नजरा टाळायच्या तर ओळखीचे जग सोडायचे, असा हा पेच आहे.

क्रियापदाची साक्ष

मराठी भाषकाच्या बाबतीत हा पेच आणखी घट्ट होतो, हे भाषा शिकविणाऱ्यांच्या सहज ध्यानात येईल. बंगाली माणूस ‘मी जातो’ या अर्थाचे वाक्य बोलला, तर त्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. इंग्रजीतही कळत नाही. मराठीत मात्र ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. ‘मी आलो’, ‘मी आले’. ‘मी थकलो’, ‘मी थकले’. दिवसातून शेकडो वेळा क्रियापद बोलणाऱ्याची साक्ष देत असते. आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे ज्याच्या जिभेवर एक रूप बसले, त्याला दुसरे रूप मनातून कितीही आपले वाटत असले, तरी पहिल्यांदा ते घरच्या माणसांसमोर उच्चारणे ही कसोटीच असते. वर्गात हजेरीच्या वेळी, बँकेच्या खिडकीपाशी, दूरध्वनीवर आवाज ओळखू पाहणाऱ्या नातेवाइकाशी बोलताना, काय उघड करायचे व काय नाही याचा निर्णय व्याकरण त्याच्यासाठी थांबवून ठेवत नाही.

गंमत अशी की, याच भाषेने एक आसराही ठेवलेला आहे. ‘आपण कोठे राहता?’, ‘आपण केव्हा आलात?’ या वाक्यांत समोरच्या माणसाचे लिंग विचारलेले नाही आणि गृहीतही धरलेले नाही. आदरार्थी बोलण्यात मराठी माणसाला अपरिचिताशी असे अंतर राखता येते, की ज्यात कुतूहलाला जागा नाही पण सौजन्याला आहे. व्याकरणात जे सहज जमते ते व्यवहारात जमणे अशक्य का असावे?

दोन नोंदवह्यांतील तफावत

कचेरीत काम करणाऱ्यांना हे ठाऊक असते की, एखाद्या माणसाविषयी दोन नोंदवह्यांत दोन नोंदी असल्या की केव्हा तरी घोटाळा होतोच. मायकेल डिलन या ब्रिटिश डॉक्टरचे आयुष्य अशाच तफावतीने पालटून गेले. १९१५ साली मुलगी म्हणून जन्मलेल्या डिलन यांनी उपचार घेतले, १९४४ मध्ये आपली जन्मनोंद बदलून घेतली, वैद्यकीची पदवी मिळविली आणि जहाजावरील डॉक्टर म्हणून ते निर्वेध जगत होते. ते एका सरदार घराण्यातील. अशा घराण्यांच्या वंशावळी देणारे दोन जाडजूड संदर्भग्रंथ इंग्लंडात प्रसिद्ध होत. त्यांपैकी एकाने डिलन यांची नोंद भाऊ व वारस म्हणून सुधारली. दुसऱ्यात ती बहीण म्हणूनच राहिली. १९५८ मध्ये ही विसंगती कोणाच्या तरी नजरेस आली आणि बातमीदार अमेरिकेच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत जाऊन पोहोचले. डिलन यांनी ते आयुष्यच सोडून दिले. ते भारतात आले, त्यांनी बौद्ध भिक्षूंची वस्त्रे घेतली, काही काळ लडाखमधील मठात काढला, आणि १९६२ साली डलहौसी येथे त्यांचा मृत्यू झाला. गुन्हा कोणताही नव्हता. दोन पुस्तकांतील दोन ओळी जुळत नव्हत्या, एवढेच.

याउलट उदाहरण जॅन मॉरिस यांचे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर ‘टाइम्स’चे बातमीदार म्हणून गेलेल्या जेम्स मॉरिस यांनी १९७२ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली आणि १९७४ मध्ये स्वतःच पुस्तक लिहून ती हकीकत जगाला सांगितली. पुढे २०२० पर्यंत त्या लेखिका म्हणून मानाने जगल्या. या दोघांत धैर्याचा फरक होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. एकीने स्वतः सांगितले, दुसऱ्याचे इतरांनी फोडले, हा खरा फरक होय.

आपल्याकडील कागदांची स्थिती काय आहे? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही, असे सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ च्या कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घेण्याची, शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्राची आणि त्याआधारे कागदपत्रांवरील नाव बदलण्याची तरतूद केली. अर्थात, निकाल आणि कायदा यांच्यात अंतर राहिले. न्यायालयाने जे माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर सोडले होते, त्यासाठी कायद्याने कचेरीचा शिक्का मागितला. नाव बदलण्याची आपली रूढ पद्धत तर अशी की, जुने नाव आणि नवे नाव राजपत्रात शेजारी शेजारी छापावे लागते. निमूटपणे जगू इच्छिणाऱ्याला आधी जाहीर करावे लागते की, मी निमूटपणे जगणार आहे!

सांगण्याचे कर्तव्य कोणापाशी?

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो. जे उघडपणे पुढे आले त्यांच्यामुळेच काही बदलले, मग इतरांनी लपून राहणे हा स्वार्थ नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी सर्वोच्च न्यायालयात स्वतः उभ्या राहिल्या नसत्या, तर २०१४ च्या निकालाला तो मानवी चेहरा लाभला नसता. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिलांसाठी राखीव जागेवरील उमेदवारी अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडूनही आल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. ज्यांनी ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ एवढेच लिहून प्रगणकाला निरोप दिला, ती त्या आकड्यात नाहीत. आणि जी मोजली जात नाहीत, त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही.

तथापि, उपकार आणि कर्तव्य यांत भेद केला पाहिजे. उघडपणे जगणारा माणूस समाजावर उपकार करतो. म्हणून न सांगणारा समाजाचा अपराधी ठरत नाही. प्रत्येकाने चळवळीचा फलक होऊनच जगावे, अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कोणाकडून करीत नाही. ज्याला केवळ सकाळची गाडी पकडून कामावर जायचे आहे आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी परतायचे आहे, त्याचेही जगणे पुरे आहे.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. न सांगणे म्हणजे फसविणे नव्हे काय? याचे उत्तर नाते पाहून द्यावे लागेल. ज्याच्याशी विवाह करायचा, त्याला वा तिला आधी सांगितलेच पाहिजे. तेथे मौन बाळगणे हा अन्याय होय. उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगणे हे स्वतःच्याच हिताचे. नोकरी देणाऱ्याला कागदपत्रांपुरते कळावे, आणि ज्याच्या हाती ते कागद आहेत त्याने ते कपाटात ठेवावेत. शेजारी, सहप्रवासी, गृहसंस्थेचे पदाधिकारी यांच्याशी मात्र असे कोणतेही देणे नाही. माणूस भाडे वेळेवर देतो, पाणी वाया घालवीत नाही आणि गणपतीची वर्गणी देतो, एवढे शेजाऱ्याला पुरावे. आपल्यापैकी कितीजण मोडलेले लग्न, घरातील व्यसन, वडिलांचे कर्ज असे काही ना काही शेजाऱ्यांपासून राखून ठेवतात! त्याला आपण फसवणूक म्हणत नाही, अब्रू म्हणतो. तीच अब्रू या माणसालाही असावी.

या निर्णयाचा भार आज जवळजवळ संपूर्णपणे त्या एकट्या माणसावर पडतो. तो हलका करणे मोठ्या सुधारकांपेक्षा लहान जागी बसलेल्या माणसांच्या हाती अधिक आहे. हजेरीपटावरील जुने नाव वर्गात मोठ्याने न वाचणारा शिक्षक, बदललेल्या नावाचा अर्ज सहकाऱ्यांच्या टेबलांवर न फिरविता निकालात काढणारा कारकून, जुन्या वर्गमित्राचे रहस्य ठाऊक असूनही वसतिगृहात त्याचा चघळण्याचा विषय न करणारा विद्यार्थी, ही ती माणसे होत. शासनाचे परिपत्रक यांतील एकही गोष्ट सक्तीने घडवू शकत नाही, आणि परिपत्रक नसले तरी ती घडू शकते.

मांजर्लीत नव्याने राहावयास आलेल्या त्या माणसाने किती सांगावे हे आपण ठरवू नये. एखाद्या संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने आपण होऊन सांगितलेच, तर ते ऐकून घ्यावे. आणि न सांगितले, तर आपल्याला कळलेले नाही असेच वागावे. कळलेले असले तरीही.