पहाटेची हाक

दरवर्षी जून-जुलैत आमच्या कॉलेजात दोन-तीन तरी मुले अशी येतात, की ज्यांच्या जोरावर त्यांच्या शाळांनी ढाली मिळवलेल्या असतात. आणि दोन वर्षांनी पाहावे, तो तीच मुले मैदानाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवीत असतात! ‘पोरगे शहरात आले नि बिघडले,’ असा निकाल आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या पेल्याबरोबर देऊन टाकतो. मीही देत असे.

माझ्या वर्गात एक खो-खोपटू होता. शाळेत असताना सूर मारून गडी टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी तो संघातून वगळला गेला. हजेरी कमी भरली म्हणून मी त्याला खडसावले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, सकाळी तास, दुपारी दुकानात हिशेब लिहितो. संध्याकाळी खेळत बसलो तर खानावळ बंद होते. शाळेत असताना गुरुजी पहाटे दारात येऊन हाक मारायचे. इथं कोण मारणार?”

मी निरुत्तर झालो.

वाचकहो, शाळेत १४, १७, १९ अशा वयोगटांत बरोबरीच्यांशी झुंज असते. कॉलेजात अठरा वर्षांच्या पोराची गाठ चोवीस वर्षांच्या गड्याशी पडते. म्हणजे सराव वाढायला हवा. पण आम्हांला खेळाडूची आठवण होते ती सामने तोंडावर आले म्हणजे! शरीर मोठे हिशेबी असते. सराव सुटला, की दोन ते चार आठवड्यांत दम उतरू लागतो. त्यात वर्षातून दोनदा सत्रपरीक्षा.

मग कॉलेजात खेळाडू घडतच नाही काय? गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

घर गहाण टाकण्याची छाती माझ्यापाशी नाही. पण खानावळवाल्याला ‘चार ताटे झाकून ठेवा’ एवढे सांगणे मला जमण्यासारखे होते. यंदा ते सांगितले आहे. तो मुलगा मात्र आता दुकानातच पूर्णवेळ असतो. परवा भेटला, तेव्हा त्याने आपण होऊन विचारले, “सर, यंदा आपला संघ कसा आहे?”