सफारी पर्यटन

नैसर्गिक अधिवासात मुक्तपणे वावरणारे वन्य प्राणी पाहण्यासाठी मार्गदर्शकाबरोबर केलेला प्रवास व त्यावर आधारलेला व्यवसाय. ‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ असा आहे. तो ‘सफर’ या अरबी शब्दापासून आला असून मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मूळचा आहे. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील गवताळ प्रदेश हे या पर्यटनाचे प्रमुख क्षेत्र होय. पर्यटकांकडून मिळणारे उत्पन्न वन्यजीवांच्या रक्षणासाठी आणि त्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या लोकांच्या उपजीविकेसाठी कितपत उपयोगी पडते, हा या व्यवसायाच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभी सफारी म्हणजे मुख्यतः शिकारीची मोहीम असे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांची १९०९ मधील पूर्व आफ्रिकेतील मोहीम विशेष गाजली. पुढे राष्ट्रीय उद्याने स्थापन होऊ लागली : दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर १९२६ मध्ये, केन्यातील नैरोबी १९४६ मध्ये व टांगानिकातील सेरेंगेटी १९५१ मध्ये. केन्याने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली व बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. मात्र उद्यानांच्या स्थापनेत स्थानिक लोकांचा विचार बहुधा झाला नाही. सेरेंगेटीतील मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये आपली कुरणे सोडून शेजारच्या एन्गोरोंगोरो प्रदेशात जावे लागले. ज्यांच्या भूमीवर वन्य प्राणी टिकून राहिले होते, त्यांनाच त्या भूमीवरील हक्क गमवावे लागले. संरक्षणाविषयी स्थानिक लोकांत जो अविश्वास पुढे दिसून आला, त्याचे मूळ अशा घटनांत आहे.

आर्थिक तत्त्व : वन्य प्राणी उद्यानाच्या सीमा पाळीत नाहीत. नू व झीब्रा यांचे कळप पाऊस व गवत यांच्या मागे शेकडो किमी. भटकतात, हत्ती उद्यानाबाहेरच्या शेतांत शिरतात, सिंह व तरस गुरे मारतात. या सहवासाची किंमत शेतकरी व पशुपालक मोजतात, तर प्रवेशशुल्क शासनाकडे आणि निवास व वाहतूक यांचे उत्पन्न दूरच्या कंपन्यांकडे जाते. ज्या पशुपालकाची गाय सिंहाने मारली, त्याला सिंहापासून काहीच मिळत नसेल, तर भाल्याने वा विषाने त्याला मारणे हाच त्याच्या दृष्टीने व्यवहार ठरतो. म्हणून जिवंत प्राण्यापासून होणारा लाभ नुकसान सोसणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचविणे, हे या पर्यटनाचा संरक्षणाशी मेळ घालण्याचे मूलभूत तत्त्व मानले जाते.

मसाई मारा : केन्याच्या नैर्ऋत्य भागातील मसाई मारा राखीव प्रदेशाचे क्षेत्रफळ सु. १,५०० चौ. किमी. आहे. त्याच्या भोवतालची सामूहिक मालकीची पशुपालन क्षेत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यक्तिगत मालकीच्या तुकड्यांत विभागली जाऊ लागली. प्रत्येक तुकड्याला कुंपण पडले असते, तर प्राण्यांचे मार्ग व मसाईंची चराई ही दोन्ही खुंटली असती. त्यावर उपाय म्हणून लगतच्या जमीनधारकांनी आपले तुकडे एकत्र करून संरक्षित क्षेत्रे निर्माण केली व ती पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिली. ओल किन्येई (२००५), ओलारे ओरोक (२००६), मारा नॉर्थ (२००९) व नाबोइशो (२०१०) ही त्यांपैकी आरंभीची होत. कंपन्या जमिनीच्या क्षेत्रानुसार ठरलेले भाडे जमीनधारकाला देतात. पर्यटकांची संख्या घटली, तरी हे भाडे देणे करारानुसार बंधनकारक असते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. त्याबदल्यात जमीनधारक त्या क्षेत्रात वस्ती करीत नाहीत, कुंपण घालीत नाहीत व ठरलेल्या नियमांनुसारच गुरे चारतात. निवासांची व एका प्राण्याभोवती जमणाऱ्या वाहनांची संख्याही मर्यादित ठेवली जाते. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने अशा क्षेत्रांना केन्यात वैधानिक मान्यता मिळाली.

नामिबिया : येथे समाजाला आधी हक्क देऊन नंतर पर्यटन उभारण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात वायव्येकडील शुष्क प्रदेशात अवर्षण व चोरटी शिकार यांमुळे प्राण्यांची संख्या घटली, तेव्हा स्थानिक प्रमुखांनी आपल्याच लोकांतून रक्षक नेमले. स्वातंत्र्यानंतर १९९६ च्या कायद्यान्वये, निश्चित सीमा, सभासदसूची व निर्वाचित समिती असलेल्या ग्रामसमूहांना वन्यजीवांपासून उत्पन्न मिळविण्याचा हक्क देण्यात आला. अशी पहिली क्षेत्रे १९९८ मध्ये नोंदली गेली. आज त्यांची संख्या ऐंशीहून अधिक असून देशाची सु. एक पंचमांश भूमी त्यांत मोडते. त्यांच्या उत्पन्नात पर्यटनाबरोबर परवानाधारक शिकारीचाही वाटा आहे व त्याविषयी तीव्र मतभेद आहेत.

रुआंडा : ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानातील पर्वतीय गोरिला पाहण्यासाठी एका गटामागे दिवसाला केवळ आठ पर्यटकांना सुमारे एक तास प्रवेश मिळतो. २०१७ मध्ये परवान्याचे शुल्क १,५०० डॉलर करण्यात आले. उद्यानांच्या उत्पन्नातील ५ टक्के वाटा २००५ पासून परिसरातील लोकांच्या शाळा, पाणीपुरवठा यांसारख्या कामांसाठी देण्यात येई. तो २०१७ मध्ये १० टक्के झाला. रुआंडा, युगांडा व काँगो या तीन देशांत मिळून पर्वतीय गोरिलांची संख्या एक हजाराहून अधिक झाल्याने २०१८ मध्ये त्यांचे वर्गीकरण ‘अतिसंकटग्रस्त’ याऐवजी ‘संकटग्रस्त’ असे करण्यात आले. पशुवैद्यकीय उपचार व दैनंदिन गस्त यांचाही यात मोठा वाटा आहे. पर्यटनाने त्यांचा खर्च पेलण्यास मदत केली.

मर्यादा : केन्याच्या हवाई गणनांनुसार १९७७ ते २०१६ या काळात तेथील वन्य प्राण्यांची संख्या सरासरीने ६८ टक्क्यांनी घटली. हा पर्यटनाच्या भरभराटीचाही काळ होता. त्यामुळे केवळ पर्यटक आले म्हणजे प्राणी वाचतात, असे म्हणता येत नाही. मारा परिसरातील भाडे जमिनीच्या मालकाला मिळते. ज्यांच्या नावावर जमीन नाही अशी कुटुंबे आणि बहुसंख्य स्त्रिया त्यापासून वंचित राहतात. चराईवरील निर्बंधांमुळे गुरांचा भार शेजारच्या कुरणांवर पडतो. वाहनांची गर्दी चित्त्यासारख्या प्राण्याच्या शिकारीत व्यत्यय आणते. २०२० मधील कोव्हिड साथीत आंतरराष्ट्रीय प्रवास थांबताच अनेक ठिकाणी भाडे कमी करावे लागले व रक्षकांच्या वेतनाचा प्रश्न निर्माण झाला. केवळ परदेशी पर्यटकांवर विसंबण्यातील धोका त्यावरून स्पष्ट झाला.

भारत : भारतात सफारी प्रामुख्याने व्याघ्र प्रकल्पांत चालते. २००६ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. तीमुळे प्रवेशशुल्काचे उत्पन्न त्याच क्षेत्राच्या व परिसरातील गावांच्या कामी येऊ शकते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ स्थगित केले व त्यानंतर नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील गावांतले अनेक तरुण मार्गदर्शक व वाहनचालक म्हणून काम करतात. मात्र त्याच गावांत सरपण, मोहफुले वा तेंदूपाने गोळा करण्यासाठी जंगलात जाणाऱ्यांवर वाघांचे हल्ले होतात. लाभ प्रवेशद्वाराजवळच्या गावांत एकवटतो आणि धोका सर्वत्र पसरलेला असतो, ही विषमता येथेही दिसून येते.

सफारी पर्यटन हे संरक्षणाचे साधन ठरते की नाही, हे पर्यटकांच्या संख्येपेक्षा भूमीवरील हक्क, उत्पन्नाची वाटणी व गर्दीवरील नियंत्रण या तीन गोष्टींवर अवलंबून असते.