रांगेतले गुरुजी

बँकेच्या खिडकीमागे मी बत्तीस वर्षे काढली. नोटा मोजता मोजता माणसेही ओळखता येतात, असा माझा समज होता. तो किती खोटा होता, ते सांगण्यासाठीच आज तुमच्याशी बोलतो आहे.

१९९८ सालची गोष्ट. पेन्शनच्या दिवशी एक निवृत्त गुरुजी खिडकीशी आले. स्लिपवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळेना. मी स्लिप परत केली. दुसरी सही आणखीच वेगळी आली. तिसऱ्या वेळी ते आडनावाच्या पहिल्या अक्षरापाशीच थांबले. मागे लांबलचक रांग. कुणीतरी म्हणाले, ‘साठी बुद्धी नाठी!’ रांग हसली, आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. ‘उद्या मुलाला घेऊन या,’ असे सांगून त्यांना वाटेला लावले. ज्यांनी अर्ध्या गावाला अक्षरे शिकवली, त्यांना आपलेच नाव लिहिता येत नव्हते आणि मी घड्याळाकडे पाहत होतो.

बारा वर्षांनी माझी आई भाजी आणायला म्हणून बाहेर पडली ती अंधार पडेपर्यंत परतली नाही. ती एसटीत बसली होती. तिला माहेरी जायचे होते. तिथले घर पडून तीस वर्षे झाली होती. कंडक्टरने तिकीट विचारले तेव्हा तिने हातातली मेथीची जुडी पुढे केली. तो चिडला नाही. ‘आजी, माहेरी कोण कोण असतं?’ असे विचारत त्याने तिला बोलते ठेवले, स्टँडवर उतरवून कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसवले, चहा पाजला. बोलण्यात माझ्या बँकेचे नाव आले आणि रात्री नऊला फोन वाजला. त्याला कुणी काही शिकवले नव्हते. पण सगळ्यांनाच ते उपजत सुचत नाही. मला कुठे सुचले होते?

आईला झालेल्या आजाराला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन प्रथम मांडले. हा म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. आधी जवळच्या आठवणी पुसट होतात. सकाळचे जेवण आठवत नाही, पण लहानपणची विहीर आठवते. पुढे रस्ता, हिशेब, शब्द, सही असे एकेक निसटत जाते. मात्र प्रत्येक विसराळूपणा म्हणजे हा आजार नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार असतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभरांमागे सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. हे लोक राहतात कुठे? बहुतेक जण घरीच. म्हणजे तुमच्याआमच्या आळीत, किराणा दुकानात, देवळात, एसटीत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. चांगलेच झाले. पण वाट चुकलेल्या आजीलाही तीच गाडी मिळते, हे लक्षात असू द्यावे.

जपानने हा प्रश्न गावाच्या अंगणात नेला. २००४ मध्ये त्यांनी या आजाराचे अपमानकारक जुने नावच बदलले. २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुले यांना दीड तासाचे शिक्षण देऊन ‘सहायक’ बनवायला सुरुवात केली. अशांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. ओमुता नावाच्या शहरात तर सराव होतो. एक स्वयंसेवक वाट चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा हिंडतो आणि लोकांनी त्याला ओळखून आपुलकीने हाक मारायची. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात दुकानांवर गाठ मारलेल्या लाल रुमालाचे चिन्ह लावले गेले. इथे आपल्या माणसाला समजून घेतात, असा त्याचा अर्थ. लक्षात राहावे म्हणून पदराला गाठ मारणाऱ्या आपल्या आज्यांना हे चिन्ह समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या शेजारी गोव्यातही एक प्रयोग झाला. दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांचा त्यात सहभाग होता. स्थानिक लोकांना शिकवून त्यांपैकी निम्म्या घरी पाठवले गेले. ते सांभाळणाऱ्यांचे ऐकत, सल्ला देत. २००८ मध्ये निष्कर्ष आले: सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला होता. इमारत नाही, यंत्र नाही, फक्त घरी येणारे एक समजूतदार माणूस.

मग आपण काय करावे? समोरून, डोळ्यांत पाहून, सावकाश बोलावे. एका वेळी एकच प्रश्न. ‘आठवत नाही का?’ हे विचारूच नये. कार्यालयात पाटी मोठ्या अक्षरांत, चित्रासह असावी. दारातले काळे पायपुसणे अशा माणसाला खड्ड्यासारखे दिसू शकते, ते बदलावे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिली आहे; ती मागून घ्यावी. घरच्यांनी आजार लपवू नये. वाणी, रिक्षावाला, वॉचमन यांना सांगून ठेवावे, खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. बँकेची आणि मालमत्तेची कागदपत्रे माणसाला समजते आहे तोवरच मार्गी लावावीत.

आई गेली. गुरुजीही गेले; त्यांची माफी मागायची राहूनच गेली. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या शाखेत बाकावर जाऊन बसतो. कुणाची सही अडली की शेजारी सरकतो आणि म्हणतो, ‘बसा काका, घाई नाही.’ रांग थोडी थांबते. थांबू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)